पेरूची फोड

ह्यांनी पेरू तिसऱ्यांदा धुवायला घेतला. त्याचा वास घरभर सुटला होता आणि माझ्या तोंडाला पाणी.

किडनी बदलल्यापासून सव्वा वर्ष मी कच्चं काही खाल्लं नव्हतं. दुकानातल्या फळं-भाज्यांवरून काविळीचा विषाणू पोटात गेला, तर माझ्या अंगाला तो झेपणार नव्हता. हे मला काकडीसुद्धा उकडून वाढायचे. मी स्वप्नात पेरू खायची, तिखटमीठ लावून. काल डॉक्टर एकदाचे म्हणाले, "आता खा, नीट धुऊन."

चार फोडी झाल्या. मी हात पुढे केला, तर ह्यांनी बशी ओढून एक फोड स्वतःच्याच तोंडात टाकली.

"आधी मी. मला काही झालं नाही, तर मग तू."

"अहो, कावीळ कळायला महिना लागतो!"

"मग महिनाभर थांबू."

"तोवर हा पेरू टिकणार आहे होय?" मी कडाडले.

ह्यांचा हात कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर गेला. "एक किडनी दिली तुला. आता द्यायला दुसरी नाही गं माझ्याकडे."

मी बशी उचलली, पोटभर वास घेतला आणि त्यांच्यापुढे सरकवली.