उलटी लाथ

"फुकट देत असशील तर नको," अभय म्हणाला.

राजेंद्रनं कपाळाला हात लावला. मामाचं औरंगपुऱ्यातलं व्हिडिओ गेम पार्लर महिनाअखेर बंद होणार होतं. बाकीची मशिनं भंगारात गेली होती. हे एक त्यानं अभयसाठी ठेवलं होतं, आणि वाळूजच्या कंपनीत फिटर झालेला हा गडी आठवीत होता तेवढाच ताठ राहिला होता.

"बरं, मग खेळून घे," राजेंद्र म्हणाला. "जिंकलास तर तुझं. हरलास तर भंगारात."

हे मात्र अभयला पटलं. तो सवयीनं डाव्या स्टुलावर बसला.

डावं स्टूल जिंकणाऱ्याचं, हा पार्लरचा नियम. हरेल त्यानं उठायचं, पुढच्यानं नाणं टाकून उजवीकडं बसायचं. जिंकणाऱ्याला पुन्हा नाणं लागत नसे. रविवारी शटर उघडताच अभय एक रुपया घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यावरच खेळायचा. त्याची आई, मनकर्णाबाई, तेवढाच देऊ शकायची. एकदा कुणीतरी त्याला मुद्दाम जिंकू दिलं, तर पठ्ठ्या पंधरा दिवस फिरकला नव्हता.

त्याचं हत्यार एकच, उलटी लाथ. समोरून येणारा वार अडवायला लिव्हर मागं ओढून धरावी लागते. अभयचा पैलवान उडी मारून डोक्यावरून पलीकडं जायचा आणि उतरता उतरता पाठीत लाथ घालायचा. मग तीच लिव्हर क्षणात दुसरीकडं फिरवावी लागे. ते कधी कुणाला जमलं नाही. नेहमी हरणारा संघपाल एकदा चिडून म्हणाला होता, "ही लिव्हरच लवकर वळत नाय!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत सगळ्यांत मोठ्यानं राजेंद्रच हसला होता.

ते रविवार आठवले की अभयला अजून भरून येई. शाळेत त्याला कुणी विचारत नसे. इथं तो राजा होता.

उजवीकडं बसून पहिला डाव राजेंद्रनं घेतला. दुसरा अभयनं कसाबसा ओढला.

"ओळखपत्र हरवलं म्हणून मास्तरांनी आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलतं तुला. आठवतं का?" राजेंद्रचं लक्ष उडवायला अभयनं विचारलं.

"मधल्या सुट्टीत तू भाकरी आणून द्यायचास," राजेंद्र म्हणाला. "खेळ आता गुमान."

तिसऱ्या डावात दोघांचाही जीव तिळाएवढा उरला. अभय उडाला. राजेंद्रनं लिव्हर फिरवली, पण उशीर झाला. लाथ बरोबर पाठीत बसली.

"पंचवीस वर्षं झाली, अजून अडवता येत नाय तुला!" अभय डोळे पुसत हसला.

"नाय बा. लई अवघड हाय ती," राजेंद्र म्हणाला.

मशीन टेम्पोत चढवताना त्यानं एवढंच बजावलं, "उघडू बिघडू नको बरं का. जुना माल हाय, मोडंल." मशीनच्या पेटीची किल्ली पहिल्यापासून त्याच्याकडंच असायची. ती काही त्यानं दिली नाही.

फिटरला असं सांगून उपयोग नसतो. रविवारी अभयनं कुलूप कापलं आणि तेल घालायला दोन्ही लिव्हरी खोलल्या. डावी चांगली होती. उजवीच्या खटक्यात पुठ्ठ्याची एक घडी घट्ट बसवलेली होती. त्यामुळं डावीकडं वळताना ती क्षणभर अडत होती.

अभयनं घडी उलगडली. आत राजेंद्रचा पिवळा पडलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं, इयत्ता आठवी, तुकडी ब.