डावीकडचं वजन

उस्मानपुऱ्यातल्या संघपालनं वर्षभरानं आपली छोटी मोटरबोट पैठणच्या धरणात पुन्हा उतरवली. बायको सुलेखा वारल्यापासून ती ताडपत्रीखालीच होती. त्यानं इंजिनचं तेल बदललं, तळ तपासला आणि लेक सुकेशनीला लाइफ जॅकेट घालून मधोमध बसवलं.

काठ सुटला तशी बोट डावीकडं कलली. सुलेखा तिथंच बसायची, पाण्यात हात सोडून.

"पप्पा, पाणी शिरलं का?"

"नाय गं." तळ कोरडा होता.

जुन्या सवयीनं त्यानं पाण्याचा कॅन उजवीकडं सरकवला. बोट सरळ झाली. पूर्वी तिघं यायचे तेव्हा ती अशीच चालायची. त्याला इतकं बरं वाटलं, की तो मुद्दाम लांबचा फेरा मारून परतला.

धक्क्याला दोर बांधून त्यानं आधी सुकेशनीला उतरवलं, मग कॅन घेऊन स्वतः उतरला. रिकामी बोट पुन्हा डावीकडं कलली.

"पप्पा, आईची बाजू अजून खालीच हाय."

संघपालनं बोटीच्या डाव्या बाजूकडं हात पुढं केला.

बोट अलगद सरळ झाली, आणि त्या दोघांच्या मधली धक्क्याची फळी वाकली.