रिकामी वाटी

कुठलंही नवं रसायन कारखान्याच्या मोठ्या टाकीत जाण्याआधी ते तापून भडकणार तर नाही ना, हे बघणं तिचं काम. यंत्रात चिमुकल्या दोन वाट्या असायच्या. एकीत रसायन, दुसरी तुलनेसाठी रिकामी. दोन्ही सारख्याच तापवायच्या आणि रसायन स्वतःची उष्णता सोडतंय का ते पाहायचं.

त्या सकाळी रसायन अगदी गरीब गाय होऊन बसलं होतं. उष्णता सोडत होती ती रिकामी वाटी.

तारा उलटसुलट लागल्या असतील म्हणून तिने वाट्यांच्या जागा बदलल्या. मग रिकामी वाटीच नवी घेतली. पुन्हा तेच. शेवटी यंत्र बंद करून तिने ती तळहातावर ठेवली. एवढीशी वाटी, क्षणात निवायला हवी होती. पण ती कोमटच राहिली, अंगासारखी.

फोन वाजला. टाकीवर तिचा धाकटा भाऊच कामाला होता.

"ताई, सगळे खोळंबलेत गं. सुरू करू?"

"थांब जरा."

तळहातावर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. भास की काय, म्हणून तिने श्वास रोखून धरला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"ताई," भाऊ म्हणाला, "एवढ्या धापा का टाकतेयस?"