दारातला हिरवा दिवा

दवाखान्याच्या दारात वस्ताद ज्योतिराम खराडे सवयीने खोकले आणि दिवा हिरवा झाला. आता प्रत्येक दारावर हे यंत्र होतं. खोकला ऐकून ते क्षय ओळखायचं, त्यामुळे लोक या रोगाला घाबरेनासे झाले होते.

आत त्यांची मुलगी शलाका पडून होती. तालमीत शिरताना तीही रोज खोकायची आणि दिवा हिरवाच व्हायचा. पाठ दुखते म्हणाली, तेव्हा वस्ताद हसले होते. "पैलवानाची पाठ दुखायचीच की!" संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, सगळं त्यांनी मेहनतीवर ढकललं. तिला मातीत पालथं झोपवून स्वतःच्या हातांनी तेल लावून पाठ रगडली. ती कळवळली, तसा त्यांनी जोर वाढवला.

"क्षय मणक्यात होता, वस्ताद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण दिवा तर हिरवा होता."

"यंत्राला फुप्फुसं ऐकू येतात. मणका खोकत नाही."

वस्ताद कॉटच्या पायथ्याशी बसले.

"आबा, जरा पाय चेपा की," शलाका म्हणाली.

त्यांचे हात मघापासून तिचे पायच चेपत होते.