कच्चा टाका

टेलरने कोट दिव्याखाली धरला, खिशावरचा बिल्ला आतून-बाहेरून चाचपला आणि मान हलवली.

"सहजासहजी निघायचा नाही हा. कोणी शिवलाय हो इतका घट्ट?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

तेव्हा त्याला आठवलं. मुलाला त्या नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा ही बाई कोट आणि सोनेरी दोऱ्याने भरलेला बिल्ला घेऊन याच दुकानात आली होती. वर बजावलं होतं, पक्का टाका घाला, जन्मात निघता कामा नये. टेलरनेही दुहेरी दोरा ओवला होता आणि शिवणावळ घेतली नव्हती. आपल्या गल्लीतला पोरगा तिथे चाललाय, याचं त्यालाच कोण कौतुक!

तो पोरगा आता शर्टच्या बाह्या दुमडून स्टुलावर बसला होता. उद्या सकाळपासून त्याला एका हॉटेलच्या दारात उभं राहायचं होतं. येणाऱ्यासाठी दार उघडायचं, हसायचं, लिफ्टपर्यंत सोडायचं आणि परत दाराशी यायचं. गडद निळा, साधा कोट ज्याचा त्याने आणायचा. नवा घ्यायचा तर पहिला पगार हातात पडायला हवा होता.

"मग राहू दे की बिल्ला," टेलर म्हणाला. "रुबाब वाढेल."

"नको, काका. मी शाळेपर्यंतच शिकलोय, असं सांगितलंय तिथे."

टेलरने आईकडे पाहिलं. ती टेबलावरच्या कापडाच्या चिंध्या उगीच सारख्या करत होती.

"जास्त शिकलेली टिकत नाहीत म्हणतात," ती म्हणाली. "याआधी दोन ठिकाणी खरं सांगून पाहिलं. एक जण तर खुर्चीतून उठला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही बसा, दारात मी उभा राहतो. सगळे हसले याला."

"आणि शिक्षणाला साजेसं काही काम?"

"तिथल्या रांगेत सगळे याच बिल्ल्याचे असतात," मुलगा म्हणाला. "त्यातून ज्यांना घेतात, त्यांचे काका-मामा आधीच आत बसलेले असतात. माझे काका म्हणाल तर तुम्ही."

टेलर हसला खरा, पण ते हसू काही त्याच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. त्याने चष्मा नाकावर खाली ओढला आणि ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवू लागला. आपलंच काम त्याला दाद देत नव्हतं. मागच्या पडद्याआडून कोणीतरी घोकत असल्याचा आवाज येत होता. तेच वाक्य, पुन्हा तेच. मग आवाज थांबला आणि टेलरची मुलगी पुस्तकात बोट घालून बाहेर आली.

"दादा, तिथलं वाचनालय खरंच रात्रभर उघडं असतं?"

"असतं," मुलगा म्हणाला. आणि कधी नव्हे तो खुलला. "मोठमोठ्या खिडक्या आहेत. खाली झाडं आहेत. कोणी उठवत नाही तुला. हवं ते पुस्तक काढायचं आणि बसायचं."

मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. आईला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण ते कुठून सुरू करावं कळेना. तोवर मुलगी आत गेली आणि घोकणं दुप्पट जोराने सुरू झालं.

"ध्यास घेतलाय तिने त्या कॉलेजचा," टेलर खाली मान घालूनच म्हणाला. "यंदा बसतेय परीक्षेला. तुम्ही याला कुठल्या क्लासला घातलं होतंत हो?"

आईने क्लासचं नाव सांगितलं. त्याने ते दोनदा उच्चारून लक्षात ठेवलं.

शेवटचा टाका तुटला. बिल्ला सुटून टेबलावर पडला, आणि त्याच्या जागी खिशावर त्याच आकाराचा गडद निळा ठसा राहिला. बाकीचा कोट कधी विटला, ते इतके दिवस कोणाला दिसलंच नव्हतं.

टेलरने ओलं फडकं फिरवलं, वरून इस्त्री दाबली. ठसा जास्तच गडद झाला.

"उन्हात असायचा का?"

आईने ठशावरून बोट फिरवलं. कोट कपाटात नको, खिडकीशी टांगू, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे, हा हट्ट तिचाच होता.

मुलाने कोट चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. अंगाला अजून नीट बसत होता. पहिल्यांदा घातला, तेव्हा याच आरशासमोर आई म्हणाली होती, चारचौघांत उठून दिसशील.

"तेवढी जागा उठून दिसतेय," टेलर म्हणाला. मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "पण दार उघडणाऱ्याकडे बघतंय कोण?"

"तेच तर," मुलगा म्हणाला आणि कोट काढून हातावर घेतला.

टेलरने या खेपेलाही पैसे घेतले नाहीत. बिल्ल्यातले दोऱ्यांचे तुकडे मात्र तो एकेक करून उपटत बसला. बिल्ला हातातून खाली ठेववेना त्याला.

"तुम्हाला नको असेल तर ठेवू का हा?" त्याने विचारलं. "हिला प्रवेश मिळाला की हाच शिवीन. नवा कशाला?"

मुलाने आईकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि दोघं निघाली. पडद्याआड घोकणं चालूच होतं. उंबऱ्यावर आई थांबली, मागे वळली.

"शिवाल तेव्हा," ती म्हणाली, "कच्चा टाका घाला."