गोळीचा उपास

"काकू, गोळी रोज देत होतात ना?" डॉक्टर नीलिमांनी मनोरमाबाईंना विचारलं.

खाटेवर नवरा, पंढरीनाथ. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली, डोळे मात्र टक्क उघडे. मशीनवरचा ठोक्यांचा आकडा दीडशेच्या खाली यायला तयार नव्हता. धावत्या हृदयात गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, असं डॉक्टरांनी मघाशी सांगितलं होतं. पायथ्याशी मुलगा, कौस्तुभ, उभा होता.

रोज! नव्वद साली गिरगावातून मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आल्यापासून, सात वर्षं, नवऱ्याचं हे पळतं काळीज त्यांनीच तर सांभाळलं होतं. आधीच्या डॉक्टरांची गोळी पाच दिवसांची. शनिवार-रविवार बंद, नाहीतर अंगात साठते म्हणे. पंढरीनाथ त्याला गोळीचा उपास म्हणायचे. "चला, आज गोळीला उपास. मला मात्र वाढ," म्हणत पानावर बसायचे. बाईंनी तो उपास एकदाही मोडू दिला नाही. शिस्तीच्या बाबतीत मोठ्या खमक्या!

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर बदलले आणि गोळीही बदलली. नवी गोळी, दिवसातून एकदा. उपासाचं ना कुणी विचारलं, ना कुणी सांगितलं. परवा शनिवारी पंढरीनाथच म्हणाले होते, "अगं, ह्या गोळीलाही उपास असतो का, एकदा विचारून तरी ये."

"काही नको. सात वर्षं मी देतेय, मला शिकवू नका," असं फटकारून बाईंनी गोळ्यांचा डबा दोन दिवसांसाठी फळीवर ठेवून दिला. रविवारी दुपारी पंढरीनाथांची छाती धडधडायला लागली. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं, पडून राहा म्हणाल्या. आज सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला.

"आई, डॉक्टर काय विचारतायत? देत होतीस ना रोज?" कौस्तुभचा आवाज चढला.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंढरीनाथांनी डॉक्टरांकडे बघत मान हलवली. हो. पुन्हा एकदा, सावकाश, हो. सदतीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. बाईंना भडभडून आलं. आणि मेल्याहून मेल्यासारखं होत असतानाही सुटल्यासारखं वाटलं. आता नुसतं गप्प बसायचं. मुलाला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही.

"म्हणजे रोज घेऊनही ठोके आवरत नाहीत." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "मग डोस दुप्पट करावा लागेल. धोका आहे, नाडी एकदम खाली जाऊ शकते. पण दुसरा इलाज दिसत नाही."

पेन चालू लागलं. पंढरीनाथांचा डावा हात चाचपडत आला आणि त्याने बाईंचं मनगट घट्ट दाबलं. बाईंनी एकेक बोट सोडवलं. तो हात अलगद चादरीवर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"थांबा डॉक्टर. त्यांचं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "ते मला वाचवतायत."