यवतमाळपर्यंत

विमान उतरायला लागलं तेव्हा यामिनीने शिदोरीची गाठ नुकती कुठे सोडली होती.

नागपुरातून निघताना आईने दशम्या हातात ठेवल्या. "वाटेत भूक लागन, खाजो." दीड तासाला कसली वाट, हे आईला सांगून उपयोग नव्हता. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते, आणि एकटीपुरत्या दशम्या तिला करता येत नाहीत.

लग्न झाल्यापासून यामिनी माहेराहून बसनेच परतायची. बसमध्ये तिचं सगळं ठरलेलं होतं. यवतमाळपर्यंत रडून घ्यायचं, नांदेडला दशमी खायची, सोलापूरला तोंड धुवायचं. कोल्हापुरात हसरी सून उतरायची. सासरी कुणाला कधी काही कळलं नव्हतं.

यंदा नवऱ्याने हौसेने विमानाचं तिकीट काढलं. वरून यवतमाळ कधी मागे पडलं ते दिसलंच नाही, आणि रडणं निम्म्यावर राहिलं.

विमानतळाबाहेर नवरा गाडीत बसला होता, मागच्या सीटवर सासूबाई. यामिनी त्यांच्या शेजारी बसून डोळे पुसणार, तोवर त्यांनी पाहिलं होतं.

"बघ, दीड तासात कोल्हापूर!" नवरा खुशीत म्हणाला. "आता धा मिनिटांत घर."

सासूबाईंनी तिच्या मांडीवरची शिदोरी उघडली. एक दशमी मोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली.

"गाडी पन्हाळ्यावरनं घे," त्या मुलाला म्हणाल्या.

"पन्हाळा? आई, घर इकडं हाय की."

"ठाऊक हाय. घे."